एक सूत कमी

कर्जतहून आलेल्या पहिल्या मोटारीतून राहीबाई नगरला उतरली आणि पत्ता विचारत माळीवाड्यात आली, तेव्हा यशया भिंगारदिवे टेबलावर तीन शिकारी सुऱ्या मांडून त्यांना तेलाचा हात देत बसले होते. सुऱ्या दिसताच ती दारातच थबकली.

"असल्याच एका सुरीपायी माझा धनी कोठडीत हाय," ती म्हणाली.

यशयांनी सुऱ्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवल्या आणि तिला बसायला सांगितलं.

१९४६ सालचा डिसेंबर होता. साहेब लोकांनी गाशा गुंडाळायला सुरुवात केली होती आणि भिंगारच्या कॅम्पात दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या सामानाचा लिलाव होई. इतर लोक तिथून खुर्च्या आणि आरसे आणत. यशया जुन्या शिकारी सुऱ्या आणत. लष्कराच्या डेपोत अठरा वर्षं मालाची तपासणी केल्यामुळे पोलादाकडे आणि शिक्क्यांकडे बघायची त्यांना सवयच होती. लढाई संपल्यावर नोकरी सोडून ते खाजगी तपासाची कामं करू लागले होते. बहुतेक कामं वकिलांकडून येत. राहीबाईसारखं माणूस क्वचितच जिना चढून येई.

"भीमा लोहाराची मी बायकू," ती सांगू लागली. "आबासाहेब धांड्यांच्या कपाटात लई शिकारी हत्यारं हायती. दर खंडेनवमीला धनी तितं जातो, समदी साफ करतो, धार लावतो. पंचवीस वर्सं झाली. आता पुन्याचा कोन पावना आलाय. तो म्हनला, ह्यातली सगळ्यात भारी सुरी खोटी हाय. खरी चोरून तिच्या जागी नक्कल ठिवलीया. झालं! फौजदारानं धन्याला उचललं."

"पुरावा काय?"

"म्हनत्यात, अशी नक्कल करनारा तालुक्यात भीमाबिगर हाय कोन? हातात कला हाय म्हनून मानूस चोर, आसं कुटं आसतं का वो?"

बोलताना तिने हात पुढे केले. तळव्यांवर घट्टे होते. भट्टीवर नवऱ्यासमोर घण तीच मारत असणार.

"सुरी कधी घरी आणली होती त्याने?"

"कंदी न्हाई. तितंच सोप्यात बसून करतो."

खिडकीशी बसलेल्या सूर्यभान मास्तरांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. मास्तर मूळचे जामखेडचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते यशयांबरोबर हिंडू लागले. कोटाच्या खिशात फूटपट्टी आणि हातात वही असल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. टिपून घेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. टिपलेल्याचा अर्थ लावायचं काम ते यशयांवर सोडत.

"मास्तर, दुपारची मोटार किती वाजता?"

"दीड."

"मग चला."

*

कर्जतचे फौजदार मच्छिंद्र कानडे यशयांना ओळखत होते. त्यांनी कपाटातून सुरी काढून टेबलावर ठेवली.

न मिटणारं, सरळ पाठीचं, पोटाशी किंचित गोलाई असलेलं पातं. मुठीला दोन्ही बाजूंनी सांबरशिंगाच्या खडबडीत पट्ट्या, त्या तीन पितळी खिळ्यांनी पक्क्या केलेल्या. पातं आणि मूठ यांच्यामध्ये आडवी पट्टी नव्हती. पात्याच्या मुळाशी हरणाच्या डोक्याचा शिक्का आणि खाली इंग्रजीत ‘शेफिल्ड’ या विलायतेतल्या सुऱ्यांच्या गावाचं नाव, एवढंच.

यशयांनी खिशातून भिंग काढलं. मास्तरांनी फूटपट्टी लावली.

"सात इंचांना एक सूत कमी," मास्तर म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"हाच तर मुद्दा आहे," फौजदार म्हणाले. "आबासाहेबांच्या नोंदवहीत बरोब्बर सात इंच लिहिलंय. त्यांचे पुण्याचे पाहुणे, राजाध्यक्ष, यांनी चार दोष दाखवले आहेत. हा त्यांचा सहीचा जबाब."

यशयांनी तो मोठ्याने वाचला. "एक, पातं नोंदीपेक्षा आखूड आहे. दोन, मुठीचा मधला खिळा नवा आहे. तीन, शिक्क्यात ‘इंग्लंड’ हा शब्द नाही. चार, शिंग हिंदुस्थानी सांबराचं आहे. सबब, वस्तू अलीकडे स्थानिक कारागिराने केलेली नक्कल आहे. मनोहर राजाध्यक्ष, जुनी शस्त्रे घेणार व विकणार, पुणे कॅम्प."

"माणूस जाणकार आहे," फौजदार म्हणाले. "अन् हौशीही. परवा येऊन अर्ज देऊन गेला, की खटला संपल्यावर ही नक्कल नमुना म्हणून आपल्याला मिळावी."

"अर्ज जपून ठेवा. आणि याचं म्यान?"

"म्यानाचं काय? ते खरंच आहे म्हणतात. आबासाहेबांकडेच राहिलं."

सुरी परत कपाटात गेली आणि ते कोठडीकडे वळले.

भीमा भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. उजव्या हाताची बोटं सुजली होती. यशयांनी त्या बोटांकडे आणि मग फौजदारांकडे पाहिलं. फौजदारांनी नजर चुकवली.

"भीमा, अशी सुरी तुला करता येईल?"

"येईल की."

"केलीस?"

"न्हाई."

"हे फौजदारांना सांगितलंस?"

"त्यांनी पयलं इचारलं, करता येईल का. मी व्हय म्हनलो. म्होरचं त्यांनी ऐकलंच न्हाई." त्याने मान हलवली. "शिंग मातर मला करता येनार न्हाई. ते देवानं केल्यालं आसतं."

"मुठीचा मधला खिळा नवा आहे. तू बसवलास?"

भीमाने तोंड फिरवलं.

"बोल, बाबा. तुझ्याच भल्यासाठी विचारतोय."

"ते मी सांगनार न्हाई. कुनाला तरी शबूद दिलाय."

"शब्दासाठी तुरुंगात जाशील?"

"शबूद दिल्याव काय करनार?"

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "यशयाराव, माणूस चांगला वाटतो, पण खिळ्याचं नाव काढताच गप्प बसला. मला काही हे लक्षण बरं वाटत नाही."

"मला बरं वाटतं," यशया म्हणाले.

*

आबासाहेब धांड्यांचा दगडी बंगला गावाबाहेर होता आणि त्याच्या तिन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. आबासाहेब सत्तरीचे, धिप्पाड आणि तापट. तरुणपणी त्यांनी कर्जत-जामखेडच्या डोंगरांत वाघरं मारली होती. आता बंदूक पेलत नव्हती, म्हणून सुऱ्यांचा नाद होता. काचेच्या कपाटात बावीस सुऱ्या मांडल्या होत्या. प्रत्येकीखाली नंबर होता. एक नंबरची जागा रिकामी होती आणि तिथे नुसतं म्यान पडलं होतं.

"माझ्या वडिलांना जंगलखात्याच्या साहेबाने दिलेली," ते म्हणाले. "ब्याऐंशी साली. विलायतेला परत जाताना स्वतःच्या कमरेची काढून दिली. वडील गेल्यावर मी ती एकदाही वापरली नाही. दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नाही."

"भीमाखेरीज."

"भीमाखेरीज! म्हणून तर डोक्यात तिडीक गेली. पंचवीस वर्षं ह्या सोप्यात बसून त्याने माझ्या हत्यारांना धार लावली, अन् शेवटी हे!"

"दर वर्षी याही सुरीला?"

"दर वर्षी. खंडेनवमीला बोथट हत्यार पूजत नाहीत आमच्यात."

नोंदवही त्यांनी स्वतःच काढून दिली. सुरेख अक्षरात एकवीस सालची नोंद होती: पातं सात इंच, मूठ सांबरशिंगी, तीन पितळी खिळे, शिक्का हरणाचा, म्यान खोल.

यशयांनी म्यान उचललं. जाड कातडं काळं आणि गुळगुळीत झालं होतं. पात्याबरोबर मूठही अर्धी आत जाईल इतकं ते खोल होतं. ते त्यांनी मास्तरांच्या हातात दिलं. मास्तरांनी बाहेरून मापं घेतली आणि तोंडात बोट घालून चाचपलं.

"आत खड्डे पडलेत. कसर लागलेली दिसते. आबासाहेब, कडुनिंबाचा पाला ठेवत जा."

"माझ्या कपाटात कसर?" आबासाहेब उसळले.

"हे म्यान उद्यापर्यंत मला द्याल?" यशयांनी विचारलं. "आणि एक सांगा. नक्कल आहे हे कळल्यावर राजाध्यक्षांनी तुम्हाला काय सल्ला दिला?"

"पोलिसांत जाऊ नका म्हणाला. नाव जाईल, लोक हसतील. नक्कल मी पंचवीस रुपयांना घेऊन जातो, विषय मिटवा. पण मी असली गोष्ट मिटवणारा माणूस नव्हे. तिथल्या तिथे फौजदाराला बोलावलं."

"सुरी खोटी आहे हे तुम्हाला स्वतःला पटलं होतं?"

आबासाहेबांनी कपाटातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "खरं सांगू? हातात घेतली तेव्हा आपलीच वाटली. पण तो एकेक दोष दाखवत गेला. अन् माझे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. म्हटलं, जाणत्या माणसापुढे आपलं काय?"

पुतण्या राधाकृष्ण मागच्या पडवीत हुरडा भाजत बसला होता. पंचविशीचा पोरसवदा माणूस, आईबापांमागे चुलत्यानेच वाढवलेला. कपाटाची किल्ली कुठे असते, असं यशयांनी विचारलं.

"काकांच्या उशाशी. खंडेनवमीला तेवढी माझ्याकडे असते. काका सकाळीच देवीला जातात, मी भीमाला हत्यारं काढून देतो."

"यंदाही तसंच?"

"तसंच. मी शेजारीच बसलो होतो. त्याने काही बदललं नाही, एवढं मी शपथेवर सांगतो."

"फौजदारांना का नाही सांगितलं?"

"काकांपुढे कुणाचं चालतं?" राधाकृष्णने कणीस उगीचच फिरवलं. "हे पाहा, त्या खिळ्याबिळ्याचं मला काही माहीत नाही."

"ठीक आहे," म्हणून यशया उठले. मास्तरांनी ते वाक्यही लिहून घेतलं.

मनोहर राजाध्यक्ष दिवाणखान्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. तलम कोट, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांनी मोठ्या अगत्याने हात पुढे केला.

"तुम्हीही संग्राहक आहात असं ऐकलं."

"लिलावातल्या उरल्यासुरल्यांचा," यशया म्हणाले. "मला फारसं कळत नाही. आबासाहेबांच्या कपाटातली तुमच्या मते आता सगळ्यात चांगली कोणती?"

राजाध्यक्ष आनंदाने उठले. त्यांनी नऊ नंबरची लांब सुरी काढून पात्याचं मूळ उजेडात धरलं.

"ही पाहा. शिक्क्यात गावाचं नाव आहे, देशाचं नाही. परदेशी मालावर देशाचं नाव हवं असा अमेरिकेने कायदा केला तेव्हापासून कारखानदार देशाचं नाव ठोकायला लागले. म्हणजे ही नव्वद सालाच्या आधीची धरायला हरकत नाही. हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही, भिंगारदिवे. हातातून हजार सुऱ्या जाव्या लागतात."

"आणि हिची मूठ?"

"सांबरशिंग. उत्तम प्रतीचं."

"वा," यशया म्हणाले. "मास्तर, हे नीट लिहून घ्या. शिकण्यासारखं आहे."

राजाध्यक्ष खूश झाले. उद्या सकाळी पोलीस कचेरीत याल का, तुमच्या जबाबातल्या दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत, असं यशयांनी म्हटलं तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला.

*

सकाळी दहा वाजता कचेरीच्या ओसरीवर सगळे जमले. फौजदार टेबलामागे, आबासाहेब खुर्चीत, त्यांच्यामागे राधाकृष्ण. राजाध्यक्ष पायावर पाय टाकून बसले होते. राहीबाई खांबाशी उभी होती. कोठडी ओसरीला लागूनच होती. गजांमागे भीमा दिसत होता.

"सुरी बाहेर काढा, फौजदारसाहेब," यशया म्हणाले. "आपण राजाध्यक्षांचे चारही दोष एकेक करून पाहू. पहिला, पातं एक सूत आखूड आहे. मास्तर, नक्कल करणारा मूळ वस्तू समोर ठेवून करतो. मग त्याचं माप का चुकावं?"

"घाईत चुकलं असेल," मास्तर म्हणाले.

"ज्याने शिक्क्यातली हरणाची शिंगंसुद्धा बिनचूक उठवली, तो लांबीत चुकला? नोंद एकवीस सालची आहे. त्यानंतर पंचवीस खंडेनवम्या झाल्या आणि दर वेळी हिला दगडावर धार लागली. दगडावर घासलेलं पोलाद थोडं झिजतंच. पंचवीस वर्षांनी पातं पुरं सात इंच भरलं असतं, तर मला शंका आली असती."

आबासाहेब खुर्चीत पुढे सरकले.

"दुसरा दोष, नवा खिळा. मुठीला तीन खिळे आहेत. दोन काळवंडलेले, घासून शिंगाच्या पातळीला आलेले. मधला एक पिवळाधमक. नवी सुरी करणारा तिन्ही खिळे नवे बसवील, किंवा फसवायचं असेल तर तिन्ही जुने दिसतील असं करील. दोन जुने आणि एक नवा, हे जुन्या वस्तूच्या दुरुस्तीचं लक्षण आहे. भीमा दुरुस्ती कुणाच्या सांगण्यावरून केली ते बोलत नाही, कारण त्याने शब्द दिला आहे. पण काल मी न विचारताच एक जण मला म्हणाला की खिळ्याचं आपल्याला माहीत नाही."

मग राधाकृष्ण पुढे आला.

"मीच," तो म्हणाला. "काका, खंडेनवमीला तुम्ही देवीला गेल्यावर, भीमा यायच्या आधी मी ती कपाटातून काढली होती. मित्रांना दाखवायला. नारळ फोडायला गेलो आणि खिळा तुटून पडला. तुम्ही घरातून हाकललं असतं. मी भीमाच्या पाया पडलो, कुणाला सांगू नको म्हणून."

"आणि तो आत बसलाय हे बघून गप्प राहिलास?" आबासाहेब ओरडले.

"मला वाटलं, खिळ्याचं कळलं तर त्याच्यावरचा आळ आणखीच पक्का होईल. आणि भीती वाटली. तेही खरंच आहे."

यशयांनी हात वर केला. "बाकीचं घरी बोला. तिसरा आणि चौथा दोष एकदमच घेऊ. शिंग हिंदुस्थानी सांबराचं आहे, म्हणून सुरी इथे झाली, असं जबाबात आहे. शेफिल्डचे कारखानदार पिढ्यान् पिढ्या इथूनच सांबरशिंग नेत आले. विलायती सुरीला आपल्या सांबराची मूठ असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. आणि ‘इंग्लंड’ हा शब्द नाही, तो का नाही हे राजाध्यक्षांनीच काल आम्हाला शिकवलं. मास्तर, वाचा."

मास्तरांनी वही उघडून खणखणीत आवाजात वाचलं. "‘शिक्क्यात गावाचं नाव आहे, देशाचं नाही. म्हणजे ही नव्वद सालाच्या आधीची धरायला हरकत नाही.’ नंबर नऊच्या सुरीविषयी. पुढे, ‘सांबरशिंग. उत्तम प्रतीचं.’"

"ही एक नंबरची सुरी आबासाहेबांच्या वडिलांना ब्याऐंशी साली मिळाली. नऊ नंबरवर जो शब्द नसणं जुनेपणाची खूण, तोच एक नंबरवर नसला की नकलीची खूण?"

राजाध्यक्षांनी पाय खाली घेतला. "हे बघा, अंदाज कुणाचाही चुकू शकतो. पण तुम्हीही अंदाजच सांगताय. हीच ती सुरी, असा पुरावा कुठे आहे?"

"तुम्हीच मागे ठेवलात," यशया म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून म्यान काढलं. "हे म्यान अस्सल आहे, असं तुम्ही फौजदारांना सांगितलंत ना?"

"अर्थात. साठ-सत्तर वर्षांचं आहे."

"साठ-सत्तर वर्षं एकच सुरी यात राहिली. तुम्ही सुरी खोटी म्हटल्यापासून सुरी कचेरीत आणि म्यान बंगल्यात, अशी दोघांची ताटातूट झाली. काल मास्तरांनी आत बोट घातलं तेव्हा त्यांना खड्डे लागले. त्यांना ती कसर वाटली."

"म्हणजे ती कसर नव्हती?" मास्तरांनी विचारलं.

"कसर आतूनच तेवढी लागेल आणि बाहेरचं कातडं साफ राहील का? या सुरीची मूठ अर्धी आत बसते. शिंगाचे उंचवटे वर्षानुवर्षं कातड्यात दाबले गेले आणि त्यांच्या जागा झाल्या. पोलादाची नक्कल माणूस करील. शिंगाचे उंचवटे दोन सांबरांचे सारखे नसतात, एकाच सांबराच्या दोन शिंगांचेही नसतात. भीमाने मला हेच सांगितलं. फौजदारसाहेब, तुम्हीच घाला."

फौजदारांनी सुरी म्यानात सरकवली. शेवटच्या इंचाला ती किंचित अडली, मग आपोआप बसल्यासारखी आत गेली. त्यांनी म्यान उलटं धरून हलवलं. सुरी पडली नाही.

"आता माझी घाला." यशयांनी फडक्यातून स्वतःची एक सुरी काढली. साधारण त्याच बेताची, सांबरशिंगाचीच. ती अर्ध्या मुठीपर्यंत गेलीच नाही. जोर केला तेव्हा तिरपी होऊन अडकली, आणि म्यान उलटं करताच बाहेर निसटली.

आबासाहेबांनी आपली सुरी हातात घेतली. डोळ्यांजवळ न नेता नुसत्या अंगठ्याने त्यांनी मुठीचा एकेक उंचवटा चाचपला.

"हीच," ते म्हणाले. "हीच ती. मग चोरीला काय गेलं?"

"काही नाही. चोरी झालीच नाही. राजाध्यक्षांनी सुरी पाहिली आणि ती किती दुर्मिळ आहे ते ओळखलं. तुम्ही ती कधीच विकली नसती. पण खोटी ठरली तर तुम्ही रागाने भिरकावूनच दिली असती. म्हणून आधी पंचवीस रुपयांना मागितली, आणि पोलिसांत जाऊ नका म्हणून गळ घातली. तुम्ही ऐकलं नाहीत. मग फौजदारांकडे अर्ज केला की नक्कल आपल्याला मिळावी. आधी एकच खोटं होतं. ते टिकवण्यासाठी एक माणूस आत जात होता, तोही त्यांनी जाऊ दिला."

राजाध्यक्ष उठले. "मला दुपारची मोटार गाठायची आहे."

"बसा," फौजदार म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बदलला होता. "तुमचा जबाब आणि तुमचा अर्ज, दोन्ही माझ्याकडे सहीनिशी आहेत. सरकारी कामात खोटी माहिती दिल्याबद्दल आधी आपण बोलू. मोटार उद्याही असते."

*

मामलेदार कचेरीतून कागद होऊन यायला दोन तास लागले. भीमा बाहेर आला, त्याने आपलं पागोटं मागून घेतलं आणि सुजलेल्या बोटांनी हळूहळू बांधलं. राहीबाई पुढे झाली नाही. ते बांधून होईपर्यंत ती थांबली.

आबासाहेब खुर्चीतून उठून त्याच्यासमोर आले.

"भीमा, माझ्या हातून फार मोठी चूक झाली," ते म्हणाले. "मी सांगतो ते—"

"आबासाहेब," भीमा म्हणाला, "पुन्याच्या पावन्याला तुमी चार गोष्टी इचारल्या. मला येक तरी इचारायची. मूठ हातात दिली आसती, तर मी डोळं मिटून सांगितलं आसतं."

आबासाहेबांनी दाराकडे हात केला.

"दारात गाडी उभी आहे," ते म्हणाले. "दोघांना घरापर्यंत सोडतो."

"गाडी नगं," राहीबाई त्या दिवशी पहिल्यांदाच बोलली. "आज बाजार हाय. गेल्या बाजारच्या दिशी ह्यास्नी दोरी बांधून भर बाजारातनं न्हेलं. माझी पोरं बगत हुती. आज आमी त्याच वाटंनं चालत जानार. आन् तुमी बी संगं यायचं."

फौजदार चपापले. आबासाहेबांशी असं कुणी बोललेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. राधाकृष्ण म्हणाला, "मी जातो काका, तुम्ही—"

"तू तर येच," आबासाहेब म्हणाले. "पण तिने मला बोलावलंय."

त्यांनी काठी घेतली. चौघं कचेरीच्या पायऱ्या उतरून बाजाराच्या गर्दीत शिरले. यशया आणि मास्तर ओसरीवरून बघत राहिले. भाजीवाल्यांच्या रांगेपाशी लोक मागे सरले आणि आबासाहेब थांबले. शेतात हाका मारून कमावलेला त्यांचा आवाज इथपर्यंत स्पष्ट ऐकू आला.

"ऐका रे सगळे! भीमाने काही चोरलेलं नाही. माझी सुरी माझ्याच घरात होती. खोटं मी बोललो."

मग ते पुढच्या रांगेकडे निघाले आणि तिथेही थांबून त्यांनी तेच सांगितलं.